समुपदेशनातील 'उपदेश' : लोकसमुपदेशकाच्या प्रशिक्षणाची चिकित्सा

प्रास्ताविक

गेल्या दोन दशकांत मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात 'लोकसमुपदेशक' ही एक नवी भूमिका उदयास आली आहे. मानसशास्त्राची अथवा वैद्यकाची पदवी नसलेली, परंतु ठरावीक प्रशिक्षण घेऊन आपल्याच परिसरातील माणसांना मानसिक त्रासात पद्धतशीर आधार देणारी व्यक्ती म्हणजे लोकसमुपदेशक होय. ही भूमिका निर्माण होण्यामागील कारण स्पष्ट आहे. भारतात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंता यांसारख्या सर्वसामान्य मानसिक विकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले. देशात दर लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ उपलब्ध नाही आणि जे आहेत ते बहुतांशी शहरांत आहेत. अशा परिस्थितीत सर्वसामान्य माणसालाच या कामासाठी तयार करावे, हा विचार पुढे आला.

या विचाराचे स्वागत करणारे लेखन मराठीत होत असते. परंतु ज्या प्रशिक्षणाच्या बळावर हा सर्व डोलारा उभा आहे, त्या प्रशिक्षणाची चिकित्सा फारशी झालेली दिसत नाही. माणूस लोकसमुपदेशक 'होतो' म्हणजे नेमके काय होते? तो काय शिकतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय विसरतो? या प्रश्नांचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी मुख्यतः गोव्यात झालेल्या प्रयोगांचा आधार घेतला असून, तुलनेसाठी महाराष्ट्रातील व झिंबाब्वेमधील उपक्रमांचा उल्लेख केला आहे.

या लेखामागे एक व्यक्तिगत कारणही आहे, ते नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. प्रस्तुत लेखिका मराठीची अध्यापक आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात कार्यरत असताना, दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर प्रमाणपत्र देऊन तिची नेमणूक समुपदेशन कक्षावर करण्यात आली. पहिल्याच महिन्यात तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी आली. तिच्या घरी लग्नाचा आग्रह चालला होता, रात्री झोप लागत नव्हती. लेखिकेने तिला पाऊण तास समजावून सांगितले : शिक्षणाचे महत्त्व, आईवडिलांशी कसे बोलावे, मन कसे खंबीर ठेवावे. विद्यार्थिनी प्रत्येक वाक्याला "हो मॅडम" म्हणत होती. शेवटी "बरं मॅडम" म्हणून ती गेली, ती पुन्हा आली नाही. त्या सत्राचा परीक्षेचा अर्जही तिने भरला नाही. त्या पाऊण तासात तिला काय सांगायचे होते, हे आजही ठाऊक नाही. हा लेख एका अर्थी त्या अज्ञानातून लिहिला आहे.

संज्ञेचा प्रश्न

भाषेच्या अभ्यासकाला प्रथम संज्ञाच खटकते. 'समुपदेशन' हा शब्द 'सम्' आणि 'उप' या उपसर्गांसह 'दिश्' या धातूपासून सिद्ध झाला आहे. 'दिश्' म्हणजे दाखवणे, निर्देश करणे. 'उपदेश' हा शब्द त्यात जसाच्या तसा दडलेला आहे. सामान्य मराठी माणसाच्या कानाला 'समुपदेशन' म्हणजे चांगल्या प्रकारे केलेला उपदेश असेच ऐकू येते. समुपदेशकाकडे 'चार समजुतीच्या गोष्टी सांगा' म्हणून मुलाला पाठवणारे पालक या अर्थानेच तो शब्द वापरतात. हिंदीत याच अर्थी 'परामर्श' हा शब्द रूढ आहे. त्यातील 'मृश्' या धातूत स्पर्श करणे, विचार करणे या छटा आहेत. मराठीत मात्र 'परामर्श घेणे' याचा अर्थ एखाद्या विषयाचा आढावा घेणे असा झाल्याने तो शब्द या कामासाठी मोकळा राहिला नाही.

हा दोष एकट्या मराठीचा नाही. 'कौन्सेलिंग' या इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही सल्ला हाच अर्थ आहे. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात समुपदेशन हे निर्देश न करणारे असावे, त्यात बोलणाऱ्याचे स्वतःचे आकलन वाढावे, अशी मांडणी केली. तेव्हापासून शब्द एक सांगतो आणि शास्त्र दुसरे, अशी स्थिती आहे. परंतु इंग्रजीत त्या संज्ञेला तांत्रिक अर्थ प्राप्त होण्यास दीर्घ काळ मिळाला. मराठीत ती संज्ञा आपल्या मूळ अर्थासह थेट शाळा, दवाखाने आणि पोलीस ठाण्यांपर्यंत गेली.

'लोकसमुपदेशक' हा शब्द प्रस्तुत लेखात 'ले कौन्सेलर' या संज्ञेसाठी योजला आहे. 'अव्यावसायिक' अथवा 'बिगरतज्ज्ञ' हे पर्याय उपलब्ध असले, तरी ते त्या व्यक्तीकडे काय नाही एवढेच सांगतात. लोककला, लोकवैद्य या शब्दांप्रमाणे 'लोक' हे पूर्वपद तिच्याकडे काय आहे तेही सुचवते : परिसराची ओळख, बोलीचे ज्ञान आणि समोरच्या माणसाइतकेच साधे जगणे.

गोव्यातील प्रयोग : प्रशिक्षणाची रचना

लोकसमुपदेशकाच्या प्रशिक्षणाचा सर्वांत काळजीपूर्वक अभ्यास ज्या ठिकाणी झाला, त्यांत गोव्याचा क्रम वरचा आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेली 'संगत' ही संस्था आणि तिचे एक संस्थापक डॉ. विक्रम पटेल यांचे कार्य या संदर्भात सर्वज्ञात आहे. पटेल यांनी २००३ मध्ये सामान्य आरोग्यसेवकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकाच्या शीर्षकाचा आशयच 'जेथे मानसोपचारतज्ज्ञ नाही' असा आहे.

'मानस' या नावाने ओळखला जाणारा पहिला मोठा प्रयोग २००७ ते २००९ या काळात गोव्यातील २४ आरोग्यकेंद्रांत झाला. त्यांपैकी १२ सरकारी प्राथमिक आरोग्यकेंद्रे होती व १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने होते. आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन तेथे नेमण्यात आले. डॉक्टर, लोकसमुपदेशक आणि अधूनमधून भेट देणारा मानसोपचारतज्ज्ञ अशी त्रिस्तरीय रचना होती. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनंतर बरे होण्याचे प्रमाण सुमारे ६६ टक्के होते, तर हा उपक्रम नसलेल्या केंद्रांत ते सुमारे ४३ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसून आला नाही. या दुसऱ्या निष्कर्षाचा उल्लेख उपक्रमाच्या कौतुकात अनेकदा गळून पडतो. लोकसमुपदेशकाचे यश ती कोणत्या व्यवस्थेत काम करते यावर अवलंबून असते, हे त्यातून सूचित होते.

त्यानंतरच्या 'प्रीमियम' या प्रकल्पात दोन स्वतंत्र उपचारपद्धती विकसित करण्यात आल्या. नैराश्यासाठी 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम' आणि मद्यपानाच्या समस्येसाठी 'कौन्सेलिंग फॉर अल्कोहोल प्रॉब्लेम्स' अशी त्यांची नावे होत. पहिलीत सहा ते आठ भेटी असतात. नैराश्यात माणसाच्या हालचाली, गाठीभेटी, आवडीची कामे कमी होत जातात आणि त्या कमी झाल्यामुळे नैराश्य आणखी वाढते. हे चक्र उलट फिरवण्यासाठी लहान लहान कृतींचे नियोजन करणे, हे तिचे सूत्र होय. पहिल्या एकदोन भेटींत नाते जोडले जाते व त्रासाचे स्वरूप समजून घेतले जाते. मधल्या भेटींत कृतींचे नियोजन, अडथळ्यांचा विचार आणि समस्यानिवारण होते. शेवटच्या भेटींत जे साधले ते टिकवण्याची तयारी केली जाते. आत्महत्येचा धोका जाणवल्यास तज्ज्ञाकडे पाठवण्याची व्यवस्था असते.

या पद्धतीची चाचणी १० प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील ४९५ रुग्णांवर झाली. तीन महिन्यांनंतर, समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते, तर केवळ सुधारित नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. मद्यपानाबाबतच्या ३७७ पुरुषांवरील चाचणीत ही तफावत तुलनेने कमी, म्हणजे ३६ आणि २६ टक्के अशी होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या समुपदेशकांना मानसशास्त्राचे शिक्षण नव्हते. निवडीसाठी माफक शालेय शिक्षण आणि स्थानिक भाषेवर प्रभुत्व पुरेसे मानले होते. वर्गातील प्रशिक्षण साधारण तीन आठवड्यांचे होते. मात्र त्यानंतर त्यांना काही महिने उमेदवारी करावी लागली. प्रत्यक्ष रुग्णांशी झालेल्या भेटी रुग्णांच्या संमतीने ध्वनिमुद्रित केल्या जात. दर आठवड्याच्या बैठकीत त्यांपैकी एखादी ध्वनिफीत सर्वांनी मिळून ऐकायची, ठरलेल्या श्रेणीपत्रकावर प्रत्येकाने स्वतंत्रपणे गुण द्यायचे आणि मग चर्चा करायची, अशी पद्धत होती. आरंभी या बैठका तज्ज्ञ चालवत. पुढे समुपदेशकच एकमेकांचे पर्यवेक्षण करू लागले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उमेदवारीनंतर सहकाऱ्यांनी दिलेले गुण आणि तज्ज्ञांनी दिलेले गुण यांत बऱ्यापैकी मेळ आढळला. शिकाऊ माणूस चांगले ऐकणे कशाला म्हणतात हे केवळ शिकत नव्हता, तर ते दुसऱ्याच्या बोलण्यात ओळखूही लागला होता.

उपदेश विसरण्याचे शिक्षण

लोकसमुपदेशकाच्या प्रशिक्षणाचे वैशिष्ट्य असे की, त्यातील ज्ञानाचा भाग तुलनेने सोपा असतो. नैराश्याची लक्षणे, 'पीएचक्यू-९' या नऊ प्रश्नांच्या पत्रकाचे गुणांकन, भेटींचा क्रम या गोष्टी बारावी उत्तीर्ण व्यक्ती काही दिवसांत आत्मसात करू शकते. कठीण भाग सवयीचा असतो. दुःख सांगणाऱ्याला मध्येच थांबवून धीर देणे, "माझंही असंच झालं होतं" असे म्हणणे, "तू असं कर" असे सुचवणे या आपल्या चांगुलपणाच्या सवयी होत. प्रशिक्षणात त्या चुका ठरतात. म्हणूनच शिक्षित, समंजस, अनुभवी माणसाला हे काम शिकणे अधिक अवघड जाते. त्यातही अध्यापकाला सर्वांत अवघड, असे अनुभवाने म्हणावेसे वाटते. प्रश्न विचारला गेला की उत्तर देणे हा अध्यापकाचा धर्म असतो.

या संदर्भात एक लहानसा प्रयोग नोंदवण्यासारखा आहे. वर उल्लेखिलेल्या प्रसंगानंतर प्रस्तुत लेखिकेने दोन सहकाऱ्यांसह रोल प्ले करून पाहिला. एकीने विद्यार्थिनीची भूमिका घेतली आणि बारा मिनिटांचे संभाषण मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले. नंतर तिघींनी ते ऐकले. बारा मिनिटांपैकी साधारण आठ मिनिटे लेखिकाच बोलत होती. तिने विचारलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच देता येत होते. एका ठिकाणी 'विद्यार्थिनी' बोलता बोलता थांबली होती. ती शांतता तीन सेकंदही टिकली नाही, तोच लेखिकेचा आवाज पुन्हा सुरू झाला. बोलत असताना यांतील काहीही जाणवले नव्हते. उलट संभाषण चांगले झाले, असेच वाटले होते. आपले बोलणे दुसऱ्याच्या कानांनी ऐकल्याशिवाय ही सवय दिसत नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेत 'सक्रिय श्रवण' या विषयावर एक तासाचे व्याख्यान झाले होते, त्याच्या टिपाही वहीत होत्या. परंतु त्या टिपांनी जे साधले नाही, ते या बारा मिनिटांनी साधले.

येथे एक आक्षेप संभवतो. उपदेश न करणे ही पाश्चात्त्य कल्पना असून, आपल्या समाजात मोठ्या माणसाकडून सल्ल्याची अपेक्षाच असते. नुसते ऐकून घेणारा माणूस आपल्याकडे कोरडा वाटेल, असे म्हटले जाते. या आक्षेपात तथ्य आहे. मात्र न सांगता ऐकणे आपल्या परंपरेला अपरिचित आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. जात्यावरच्या ओव्यांचा महाराष्ट्रातील संग्रह हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी मोठ्या कष्टाने उभा केला. त्यांतील स्त्रिया सासरचे, माहेरचे, दारिद्र्याचे दुःख जात्याला सांगतात. जाते उत्तर देत नाही, सल्लाही देत नाही. तरीही ते सांगणे व्यर्थ जात नाही, असे त्या पिढ्यान्‌पिढ्या मानत आल्या. ऐकणाऱ्याने गप्प असण्याचे मोल लोकजीवनाला ठाऊक होते, असा याचा अर्थ लावता येईल.

दुसरे असे की, परिणामकारक ठरलेल्या पद्धती मुक्या नाहीत. झिंबाब्वेतील हरारे येथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये 'फ्रेंडशिप बेंच' हा उपक्रम सुरू केला. दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून वयस्क स्त्रिया, म्हणजे वस्तीतल्या आज्याच, समुपदेशन करतात. त्यांचे प्रशिक्षण जेमतेम आठ-नऊ दिवसांचे असले तरी त्यांना पर्यवेक्षण मिळत राहते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपक्रमाची परिणामकारकता दिसून आली. या आज्या नैराश्य हा शब्द वापरत नाहीत. शोना भाषेतील 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार करणे, हा शब्द वापरतात. पहिल्या टप्प्याला त्या मन उघडणे म्हणतात. आजी येथे बोलते, परंतु उपाय तिचा नसतो. समोरचा माणूस आपल्या समस्यांतील एक निवडतो आणि तिच्यावरचा मार्ग दोघे मिळून शोधतात. सल्ला आणि सहविचार यांतील हा भेद प्रशिक्षणाने शिकवायचा असतो.

मराठीतही 'नैराश्य' या शब्दापेक्षा 'करमत नाही', 'जिवाला घोर लागलाय', 'मनात काहूर माजलंय', 'डोकं भणभणतं' आणि अर्थातच 'टेन्शन' या शब्दांनी माणूस त्रास सांगतो. गोव्यातील प्रयोगांतही रोगाच्या नावाऐवजी अशा परिचित शब्दांवर भर होता. या बोलींची जाण ही लोकसमुपदेशकाची जमेची बाजू आहे. अनुवादित पुस्तिकांतील संस्कृतप्रचुर मराठीने ती पुसली जाणार नाही, याची दक्षता प्रशिक्षकांनी घेतली पाहिजे.

विस्तारात काय गळते?

लहान प्रयोग यशस्वी झाला की त्याचा विस्तार करण्याची मागणी होते आणि ती योग्यच आहे. महाराष्ट्रातही असे प्रयत्न झाले आहेत. विदर्भात 'विश्राम' या उपक्रमातून अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावपातळीवरील कार्यकर्ते तयार करण्यात आले. तेथे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. नाशिक जिल्ह्यातील काही गावांत २०१३ पासून 'आत्मीयता' हा उपक्रम राबवला गेला. त्यात केवळ ओळखून पुढे पाठवणारे 'मित्र' आणि प्रत्यक्ष समुपदेशन करणारे कार्यकर्ते अशी दुहेरी रचना होती. कोणाकडून किती अपेक्षा करावी, याचा विवेक या रचनेत दिसतो. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच इतरांना आधार देत आली आहेत. लोकसमुपदेशनाची ही आपल्याकडील जुनी वाट होय.

तथापि, विस्तार होताना प्रशिक्षणाचे तीन घटक एकाच वेगाने वाढत नाहीत. पुस्तिका छापणे सर्वांत स्वस्त असते. वर्ग घेणे त्याहून महाग असले, तरी आता ते मोबाइलवरून घेता येतात. मध्य प्रदेशात आशा कार्यकर्तींसाठी गोव्याच्या नैराश्यविषयक पद्धतीचे डिजिटल प्रशिक्षण तयार करून त्याचा अभ्यासही झाला आहे. पर्यवेक्षण मात्र दर आठवड्याला, माणसांनी, माणसांसोबत बसून करावे लागते. ते ना छापता येते, ना एकदाच देऊन संपवता येते. साहजिकच निधी कमी पडला की प्रथम तेच कापले जाते. प्रमाणपत्रावर वर्गाचे तास लिहिलेले असतात. पर्यवेक्षणाच्या तासांचा रकाना सहसा नसतो.

पटेल यांनी २०१२ मधील आपल्या प्रसिद्ध भाषणात या सर्व विचाराचे पाच सूत्रांत संकलन केले होते. त्या सूत्रांच्या आद्याक्षरांतून 'सुंदर' हा शब्द साधला होता. संदेश सोपा करा, उपचाराची घडी उलगडा, तो लोकांच्या दारापर्यंत न्या, उपलब्ध व परवडणारे मनुष्यबळ वापरा, आणि तज्ज्ञांचा वेळ प्रशिक्षण व पर्यवेक्षणाकडे वळवा, अशी ती सूत्रे होत. पहिली चार सूत्रे आपण उत्साहाने स्वीकारली. पाचवे मात्र व्यवस्थेला सर्वांत गैरसोयीचे आहे, कारण त्यात तज्ज्ञाने आपल्या कामाचे स्वरूप बदलणे अपेक्षित आहे. परंतु त्या शब्दातले शेवटचे अक्षर वगळले, तर शब्दच उरत नाही.

मनुष्यबळ 'परवडणारे' असणे, या शब्दाचीही चिकित्सा झाली पाहिजे. हे काम बहुतांशी स्त्रियांकडे येते आणि ते अनेकदा मानधनावर करून घेतले जाते. आशा कार्यकर्तीला शासनाच्या लेखी कर्मचारी नव्हे, तर स्वयंसेविका मानले जाते. मानधनाच्या प्रश्नावर महाराष्ट्रातील आशांना २०२३-२४ मध्ये संप करावा लागला. लसीकरण, प्रसूती, सर्वेक्षणे यांच्या जोडीला दुसऱ्याचे दुःख ऐकण्याचे काम तिच्याकडे सोपवताना, तिचे कोण ऐकणार, हा प्रश्न प्रशिक्षणाच्या आराखड्यात असायला हवा. साप्ताहिक पर्यवेक्षणाची बैठक केवळ गुणवत्ता तपासण्यासाठी नसते. ऐकणाऱ्याने ऐकलेले कोठेतरी उतरवून ठेवण्याची ती जागा असते. ती काढून घेतली, तर रुग्णाबरोबर समुपदेशकाचेही नुकसान होते.

सामाजिक दुःख आणि प्रशिक्षणाची मर्यादा

या चळवळीवर एक मूलगामी टीकाही झाली आहे. डेरेक समरफील्ड, चायना मिल्स यांसारख्या अभ्यासकांनी, गरिबी, कर्ज, हिंसा यांतून आलेल्या दुःखाला विकाराचे नाव देऊन त्यावर ठरावीक उपचार निर्यात करण्याच्या प्रवृत्तीवर आक्षेप घेतले. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या संस्थापक भार्गवी दावर यांनीही मानसिक आरोग्याकडे केवळ वैद्यकीय चौकटीतून पाहण्यास सातत्याने विरोध केला. कर्जबाजारी शेतकऱ्याला अथवा मार खाणाऱ्या पत्नीला कृतींचे वेळापत्रक देऊन काय साधणार, असा या टीकेचा साधा मराठी अनुवाद करता येईल.

ही टीका गांभीर्याने घेतली पाहिजे. परंतु पुरावा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. गोव्यातील नैराश्यविषयक चाचणीत समुपदेशन मिळालेल्या स्त्रियांनी जोडीदाराकडून होणारी शारीरिक हिंसा कमी झाल्याचे सांगितले. उलट मद्यपी पुरुषांच्या चाचणीत, काहींचे मद्यपान सुटले तरी जोडीदारावरील हिंसेत फरक आढळला नाही. समुपदेशनाने समाज बदलत नाही, हे खरे. मात्र खचलेल्या माणसाला उभे राहण्यास ते साहाय्य करू शकते. प्रशिक्षणाने लोकसमुपदेशकाला हे दोन्ही सांगितले पाहिजे. दुःखाचे मूळ मनात नसून परिस्थितीत असेल, तेव्हा कायदेविषयक मदत, संरक्षण अधिकारी, महिला गट, रोजगार योजना यांचा मार्ग तिला ठाऊक हवा. जिला केवळ मन बदलण्याचेच तंत्र शिकवले आहे, तिला प्रत्येक प्रश्न मनाचाच दिसू लागेल. तो उपदेशाचाच एक सूक्ष्म प्रकार ठरेल.

महाविद्यालयीन संदर्भ

हा विषय आता आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमणे अपेक्षित आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध ठेवायचे आहेत. शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असेही त्यांत म्हटले आहे. या सूचना स्वागतार्ह आहेत. परंतु ग्रामीण महाविद्यालयांतील रिक्त पदांची स्थिती पाहता, 'पात्र' या शब्दाचा अर्थ व्यवहारात एखाद्या अध्यापकाचे प्रमाणपत्र असा होण्याचा धोका आहे.

प्रस्तुत लेखिकेच्या मते यातून मार्ग निघू शकतो. तज्ज्ञाची जागा अध्यापकाने घेऊ नये. मात्र ओळखणे, ऐकणे व योग्य ठिकाणी पाठवणे या मर्यादित कामासाठी अध्यापकाचे प्रशिक्षण उपयुक्त आहे. त्यासाठी पुढील गोष्टी आवश्यक वाटतात. एक, प्रशिक्षणार्थीची पात्रता लेखी परीक्षेने नव्हे, तर रोल प्लेमधील प्रत्यक्ष संभाषणाने तपासावी. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी विकसित केलेल्या 'इक्विप' या व्यवस्थेत हीच पद्धत स्वीकारलेली असून, उपकारक वर्तनाबरोबर अपायकारक वर्तनाचीही नोंद तीत घेतली जाते. दोन, परिसरातील चार-पाच महाविद्यालयांतील प्रशिक्षित अध्यापकांचा गट करून, तज्ज्ञाच्या उपस्थितीत दर पंधरवड्याला पर्यवेक्षण बैठक घ्यावी. विद्यार्थ्याची गोपनीयता जपण्यासाठी तेथे ओळख उघड न करता चर्चा व्हावी. तीन, हा वेळ कार्यभारात धरला जावा. चार, आत्महत्येचा विचार, अत्याचार अथवा गंभीर विकार जाणवल्यास काय करायचे, याचा लेखी क्रम प्रत्येकाजवळ असावा. २०२२ पासून सुरू झालेली 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची शासकीय सेवा त्यात अंतर्भूत असावी.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, सर्वसामान्य माणूस योग्य तयारीनंतर दुसऱ्याच्या मानसिक त्रासात खरोखर साहाय्य करू शकतो, हे आता केवळ सदिच्छेचे विधान राहिलेले नाही. त्याला पुराव्याचा आधार आहे. मात्र तो पुरावा पुस्तिकेचा किंवा वर्गाचा नसून, निवड, वर्ग, उमेदवारी आणि अखंड पर्यवेक्षण या संपूर्ण साखळीचा आहे. साखळीतील पहिले दोन दुवे घेऊन उरलेले सोडले, तर त्या पुराव्याचा आधार आपल्याला घेता येणार नाही. तेव्हा उरेल ते केवळ प्रमाणपत्रधारी उपदेशन.

'समुपदेशन' हा शब्द आता बदलणे शक्य नाही, तशी आवश्यकताही नाही. शब्दांचे अर्थ व्यवहाराने बदलतात. परंतु त्यासाठी 'सम्' या उपसर्गातील 'सह' या अर्थाला प्रशिक्षणात जागा द्यावी लागेल : सोबत बसणे, सोबत शोधणे आणि आपले बोलणे सहकाऱ्यांसोबत पुन्हा ऐकणे. ती विद्यार्थिनी आज पुन्हा आली, तर तिला काय सांगावे हे अजूनही ठाऊक नाही. मात्र तिला काय विचारावे आणि त्यानंतर गप्प कसे बसावे, एवढे शिकणे सुरू आहे.